टाचेतला काटा, नायटा होण्यापूर्वी

पहाटे जाग यावी, पांघरूण दूर सारून पाय जमिनीवर टेकवावेत, आणि टाचेच्या तळाशी कोणी बाभळीचा काटा खोल रुतवून ठेवला असावा अशी कळ थेट मस्तकापर्यंत जावी, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला तो वर्णन करून सांगण्याचे प्रयोजन नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून पटण्यासारखा नाही. फळ्यासमोर उभे राहून भूमितीची प्रमेये समजावण्यात ज्याची सारी हयात गेली, अशा माझ्यासारख्या शिक्षकास हा प्रसाद निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना मिळाला. भिंतीचा आधार घेत, उजव्या पायाचा चवडा तेवढा टेकवीत मोरीपर्यंत जायचे. तोंड धुऊन परत येईतो कळ निम्मी ओसरायची, चहाचा कप हाती येईपर्यंत चाल जवळजवळ सरळ व्हायची, आणि आज बरे आहे अशी मनाची समजूत घालून शाळेत जावे, तो मधल्या सुट्टीत घटकाभर खुर्चीवर बसून उठताच पुन्हा तीच कळ.

तीन महिने हा लपंडाव चालल्यावर क्ष-किरणचित्र काढले. त्या काळ्याकरड्या चित्रात टाचेच्या हाडाच्या तळाशी पक्ष्याच्या चोचीसारखे एक टोक पुढे आलेले स्पष्ट दिसत होते. ‘हाड वाढले आहे’ हे तीन शब्द कानी पडले आणि त्या दिवसापासून मी पाऊल टाकताना त्या चोचीचाच विचार करू लागलो. शेजाऱ्यांनी तापलेल्या विटेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व सल्ले विनामूल्य दिले. पुढे या दुखण्याची नीट माहिती करून घेतली तेव्हा ध्यानात आले की, दुखण्याइतकाच त्या तीन शब्दांच्या धास्तीने माझा घात केला होता. तो इतरांचा होऊ नये एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

काट्यावरील आरोप

वाढलेल्या हाडाविषयी आपल्या मनात जे चित्र असते ते असे की, टाचेतून एक अणकुचीदार खिळा खाली भुईकडे वाढला असून प्रत्येक पावलागणिक तो मांसात घुसतो आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हा काटा भुईकडे नव्हे, तर पुढे, बोटांच्या दिशेने वाढतो. आणि पुष्कळदा तर तो, तळव्यातला जो चिवट पट्टा प्रत्यक्षात दुखत असतो त्यात नसून, त्याच्याही वर, बोटे वाकवणाऱ्या एका लहान स्नायूच्या मुळाशी असतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची संस्था रुग्णांसाठी जी माहिती देते तिच्यानुसार दर १० माणसांत एकाच्या टाचेला असा काटा असतो, परंतु असे काटे बाळगणाऱ्या २० जणांपैकी एकासच पायाचे दुखणे असते. म्हणजे उरलेले १९ जण आपल्या टाचेत काटा आहे याची गंधवार्ताही नसताना सुखाने बाजारहाट करीत असतात. उलट, टाच ठणकते परंतु चित्रात काट्याचा मागमूस नाही, असेही रुग्ण थोडेथोडके नाहीत.

एखाद्या फिर्यादीत केवळ गुन्ह्याच्या जागी हजर सापडला म्हणून एखाद्यास आरोपी ठरवावे आणि खरा आरोपी मोकळाच राहावा, तसा हा प्रकार आहे. वर्षानुवर्षे त्या जागी ताण पडत आला, त्याचा हा काटा म्हणजे फार तर साक्षीदार होय. साक्षीदारास शिक्षा करून फिर्यादीचा निकाल लागत नसतो.

खरा गुन्हेगार : तळव्याचा पट्टा

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात आणि त्यांत टाचेचे हाड सर्वांत मोठे. या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूस, एक जाड, चिवट, पांढुरका पट्टा उगम पावतो आणि तळव्यातून पंख्यासारखा पसरत पाच शाखांनी बोटांच्या मुळाशी जाऊन पोचतो. वैद्यकीय परिभाषेत यास ‘प्लँटर फॅशिया’ म्हणतात, आणि त्याच्या दुखण्यास ‘प्लँटर फॅशिआयटिस’. पावलाची जी कमान आपण ओल्या पायाच्या ठशात पाहतो, ती धनुष्याच्या दोरीप्रमाणे ताणून धरण्याचे काम मुख्यतः हाच पट्टा करतो. १९५४ साली हिक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच्या कार्याची तुलना रहाटाशी केली, आणि ज्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिला आहे त्यांना ती समजण्यास आकृतीची आवश्यकता नाही. टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा बोटे वर वळतात. रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो, कमान उंचावते, आणि सैल पडलेले पाऊल क्षणार्धात ताठ तरफेसारखे होऊन शरीरास पुढे ढकलते. दिवसाकाठी हजारो पावले, आणि प्रत्येक पावलागणिक हा रहाट एकदा फिरतो.

दोर झिजतो तो बहुधा खुंट्याशी. हा पट्टाही टाचेच्या हाडाशी जेथे जोडलेला असतो तेथेच त्याचे तंतू अतिताणाने विरू लागतात. या विकाराच्या नावात दाह सूचित असला, तरी जुनाट दुखण्यात प्रत्यक्षात सापडते ती तंतूंची झीज आणि अर्धवट राहिलेली डागडुजी. रात्री आपण निजतो तेव्हा पावले खाली झुकलेली आणि पट्टा आखडलेला असतो. पहाटेचे पहिले पाऊल त्या आखडलेल्या, नाजूक जागी देहाचा सगळा भार एकदम टाकते. पहिल्या काही पावलांत कळ, चालता चालता उतार, आणि बऱ्याच वेळाच्या बैठकीनंतर पुन्हा कळ, ही या दुखण्याची ठळक ओळख आहे. टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या अंगास, अंगठ्याने दाबून पाहावे; नेमक्या एका जागी जीव कळवळला तर निदान बव्हंशी पक्के झाले असे समजावे.

आपल्या पूर्वसूरींना हे दुखणे अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणात ‘वातकंटक’ नावाचा विकार सांगितला आहे आणि पाऊल विषम पडणे हे त्याचे कारण दिले आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्यापूर्वी कित्येक शतके, हाडाचा काटा दृष्टीस पडलेला नसतानाही, केवळ वेदनेच्या स्वरूपावरून या आजारास ‘कंटक’ हे नाव मिळाले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भार कोठून वाढतो

हे दुखणे बहुधा ४० ते ६० या वयात गाठते. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, फार सपाट अथवा फार उंच कमान, दिवसभर उभ्याचे काम, आणि एकाएकी वाढवलेली चाल ही त्याची प्रमुख कारणे. वाहतूक पोलीस, बसचे वाहक, परिचारिका, दुकानातील विक्रेते आणि आम्ही शिक्षक मंडळी या यादीत अग्रभागी आहोत. जानेवारीच्या पहिल्या तारखेस संकल्प सोडून पहिल्याच दिवशी टेकडी चढू लागणारे त्यांच्या मागोमाग येतात. आळंदीहून पंढरीस पायी जाण्याचा मानस असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे; ती सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट पाऊल सांभाळून घेते, परंतु त्यासाठी वैशाखापासूनच रोजची चाल थोडीथोडी वाढवीत नेली पाहिजे.

आणखी एका कारणाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही, आणि ते आपल्या घरातच आहे. आमच्या लहानपणी स्वयंपाकघराची भुई शेणाने सारवलेली असे आणि माझी आई चुलीसमोर पाटावर बसून भाकऱ्या थापीत असे. पुढे ओटा आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला; भुईच्या जागी शहाबादी फरशी आली, तिच्याही जागी आता गुळगुळीत, कठीण लाद्या आल्या. ओट्याने पाठीची आणि गुडघ्यांची सोय केली हे खरे. परंतु घरात पादत्राण न घालण्याची आपली वहिवाट मात्र जुनीच राहिली. परिणामी घरची गृहिणी सकाळ-संध्याकाळ तीन-चार तास दगडासारख्या पृष्ठभागावर अनवाणी उभी असते, आणि टाच दुखू लागली की दोष वयास देऊन मोकळी होते. टाचेखाली निसर्गाने दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी दिली आहे. वयोमानाने तिचा मऊपणा कमी होतो. तेव्हा जी फरशी तिशीत सोसली ती पन्नाशीत सोसेलच असे नाही.

उपाय : रोजचे, घरचे

पहिला उपाय अंथरुणातच करावयाचा. जाग आल्यावर एकदम पाय टेकवू नयेत. अंथरुणावर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने वर ओढावीत, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपावा. सतारीच्या तारेसारखा ताणलेला पट्टा बोटास लागला की ओढ बरोबर बसली. १० अंक सावकाश मोजून सोडावे, आणि असे १० वेळा करावे. ज्यांना वाकणे जड जाते त्यांनी पाय पसरून चवड्याभोवती पंचा अडकवावा आणि त्याची दोन्ही टोके आपल्याकडे ओढावीत. दिवसातून ३ वेळा हा क्रम ठेवावा. त्यांतील एक पहाटेच्या पहिल्या पावलापूर्वी आणि शक्य तर दुसरा दीर्घ बैठकीनंतर उठण्यापूर्वी.

दुसरा उपाय पोटरीचा. भिंतीवर दोन्ही तळहात टेकवून दुखरा पाय मागे घ्यावा, टाच भुईस घट्ट ठेवावी, गुडघा सरळ ठेवून पुढे झुकावे आणि ३० सेकंद थांबावे. मग तेच गुडघा किंचित वाकवून करावे. प्रत्येकी ३ आवर्तने पुरेत.

तिसरा उपाय ऐकताना उफराटा वाटेल. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, बोटांखाली नॅपकिनची घट्ट गुंडाळी घालून, कठड्याचा आधार धरून सावकाश टाचा उचलाव्यात: ३ सेकंद वर जाण्यास, २ सेकंद वर थांबण्यास, ३ सेकंद खाली येण्यास. आरंभी दोन्ही पायांवर, सवय झाल्यावर एका पायावर, १२ वेळा एक फेरी अशा ३ फेऱ्या, आणि तेही एक दिवसाआड. बोटांखालील गुंडाळीमुळे तो रहाट पूर्ण फिरतो आणि पट्ट्यावर मोजका, कह्यातला भार पडतो. २०१५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी या व्यायामाची तुलना केवळ ताणण्याच्या व्यायामाशी केली तेव्हा तीन महिन्यांच्या शेवटी हा उजवा ठरला. वर्षाखेरीस दोहोंत फरक उरला नाही. अतिभाराने विरलेला पट्टा बेताच्या भारानेच पुन्हा बळकट होतो; काट्याने काटा काढावा म्हणतात तो असा. व्यायामाच्या वेळी किंचित दुखले तर घाबरू नये; मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कळ नेहमीपेक्षा वाढलेली आढळली तर फेऱ्या कमी कराव्यात.

चौथी बाब पादत्राणांची. नवीन चप्पल-बूट घेताना दुकानातच तीन परीक्षा कराव्यात. जोडा दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडता कामा नये. कपडा पिळावा तसा पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर परत ठेवावा. टाचेखालचा भाग अंगठ्याने दाबावा. तो दबून पुन्हा वर यावा. अगदी सपाट तळापेक्षा टाचेस दोन-अडीच सेंटिमीटर उंची असलेले पादत्राण या दिवसांत सुखावह होते. कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमानाचा विषय खरा, परंतु तिचा कडक, सपाट तळ दुखऱ्या टाचेस मानवत नाही. बरे होईपर्यंत तिला लग्नकार्यापुरती ठेवावी. घरात वापरण्यासाठी मऊ तळाची निराळी चप्पल ठेवावी, एम.सी.आर. रबराची म्हणून जी चप्पल मिळते ती या कामी उत्तम. बाहेरची चप्पल स्वयंपाकघरात नको ही घरातील वडीलधाऱ्यांची हरकत रास्त आहे. म्हणूनच घरची जोडी उंबऱ्याबाहेर कधीच नेऊ नये, म्हणजे सोवळेही सांभाळले जाते आणि टाचही.

पाचवी बाब विश्रांतीची. विश्रांती म्हणजे अंथरूण धरणे नव्हे. लांबची चाल, धावणे, दोरीवरच्या उड्या काही आठवडे तहकूब ठेवाव्यात. सायकल आणि पोहणे चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही. दिवसअखेर टाच ठणकत असेल तर पाण्याने भरून गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून तळव्याखाली १०-१५ मिनिटे पुढे-मागे लोळवावी. वजन अधिक असल्यास ते उतरवण्यासारखा दुसरा उपकार पावलावर करता येणार नाही.

काय करू नये

तापलेल्या विटेवर टाच ठेवणे, दुखरा भाग दगडाने ठेचणे, ‘काटा मोडेल’ म्हणून टाच जमिनीवर आपटणे, हे प्रकार अजून खेड्यांतच नव्हे तर शहरांतही चालतात. वाढलेले हाड अशाने मोडत नाही. वरची चरबीची गादी आणि कातडी मात्र जायबंदी होते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी शेक आणि बर्फ दोन्ही वैद्यांस विचारल्यावाचून घेऊ नयेत, कारण बधिर झालेल्या तळव्यास भाजल्याचे कळत नाही आणि एका रात्रीच्या शेकाने महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते. येथे मात्र काट्याचा नायटा खरोखरीच होतो. रुईची पाने बांधणारांनी तिचा चीक डोळ्यांपासून आणि चिरलेल्या कातडीपासून दूर ठेवावा.

वेदनाशामक गोळ्या चार दिवस घेणे वेगळे आणि चार महिने घेणे वेगळे. पोट आणि मूत्रपिंडे त्याचा हिशेब मागाहून वसूल करतात. टाचेत देण्यात येणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला उतार पडतो, पण वारंवार घेतल्यास चरबीची गादी झिजण्याचे आणि क्वचित पट्टाच तुटण्याचे भय असते. म्हणून तो निर्णय विशेषज्ञांनी, मोजूनमापून घ्यावयाचा आहे. शस्त्रक्रियेचा विचार सहा महिने ते वर्षभर नेटाने उपचार करूनही गुण न आल्यावरच होतो, आणि तशी पाळी फार थोड्यांवर येते.

वैद्यांकडे त्वरित केव्हा जावे

प्रत्येक टाचदुखी या पट्ट्याचीच असते असे मानणे हीदेखील चूक होईल. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तासाहून अधिक काळ आखडलेली राहते, अशा व्यक्तीने संधिवाताच्या तज्ज्ञास दाखवावे. मणक्यांच्या एका विशिष्ट संधिवाताची ती नांदी असू शकते. टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबले असता तीव्र वेदना झाली तर हाडास सूक्ष्म तडा गेला असण्याचा संभव असतो. तळव्यास मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर दुखणे मज्जातंतूचे असू शकते. टाचेच्या मागच्या अंगास, बुटाची कड घासते तेथे दुखत असेल तर दोष पोटरीच्या जाड स्नायुरज्जूचा असतो, आणि त्याचे उपचार भिन्न आहेत. खेळकर मुलामुलींची टाच ८ ते १४ या वयात दुखू लागली तर ते बहुधा वाढत्या हाडाचे दुखणे असते आणि खेळ थोडा आवरल्यास आपोआप शमते. चालताना ‘कट्‌’ असा आवाज होऊन एकाएकी सूज आली, रात्री झोपमोड करणारी वेदना असली, ताप अथवा लाली असली, तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये.

धीराची मुदत

या दुखण्याची सर्वांत कठीण अट धीराची आहे. वर उल्लेखिलेल्या त्याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे साध्या उपचारांनी शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण १० महिन्यांच्या आत सुधारतात. पण १० महिने म्हणजे एक शालेय वर्ष झाले, आणि आपण तर तिसऱ्या आठवड्यात वैद्य बदलतो, पाचव्यात औषध बदलतो आणि आठव्यात नशिबास बोल लावतो. म्हणून एका वहीत रोज सकाळच्या पहिल्या पावलाच्या वेदनेस १० पैकी गुण द्यावेत. कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहू नये. महिन्याची सरासरी मागील महिन्याशी ताडावी. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात आठ होते, तिसऱ्यात सहा, पाचव्यात पुन्हा सात, कारण शाळेच्या सहलीत मी किल्ला चढण्याचा मोह आवरला नाही. आठव्यात दोन आणि अकराव्यात शून्य. नव्वदांच्या मुदतीबाहेर मी एक महिना रेंगाळलो, आणि त्याचा जाब त्या किल्ल्यासच विचारावा लागेल.

गेल्या वर्षी घोट्यास मुरगळ आली म्हणून त्याच पायाचे पुन्हा चित्र काढावे लागले. ती चोच तेथेच, तेवढीच, तशीच आहे. टाच मात्र आता दुखत नाही.